‘सर्व्हर डाऊन’ची पाटी लावण्याआधी कारण नोंदवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर ‘सर्व्हर डाऊन, नागरिक ताटकळले’ अशा मथळ्याची बातमी इतकी नेहमीची झाली आहे की वाचणाऱ्याला आता तिचे काही वाटेनासे झाले आहे. दाखला असो, दस्त असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, खिडकीपलीकडचे उत्तर ठरलेले असते : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ कोणता सर्व्हर, तो कुठे आहे, किती वाजल्यापासून बंद आहे, कशाने बंद पडला, हे विचारायची सोय नाही. विचारले तर समोरच्यालाही ते ठाऊक नसते. मला हे उत्तर मान्य नाही. का नाही, ते सांगलीतल्याच एका सार्वजनिक ग्रंथालयात घडलेल्या प्रकारावरून सांगते. पत्र लांबेल, पण तपशील गाळला तर मुद्दाच उरणार नाही, म्हणून शक्यतो कापू नये ही विनंती.

मी टेलिफोन खात्यात टीटीए, म्हणजे टेलिकॉम टेक्निकल असिस्टंट, म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर विश्रामबागेत राहते आणि या ग्रंथालयाच्या अभ्यासिकेतला संगणक कक्ष सांभाळायला मदत करते. कक्षात पंचवीस संगणक आहेत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून एसटीने येणारी मुले, मिरजेच्या नर्सिंगच्या मुली, पोलीस भरतीची आणि एमपीएससीची तयारी करणारे, सातबारा काढायला आलेला एखादा शेतकरी, असा सगळा राबता असतो. मोबाईल आज प्रत्येकाच्या हातात आहे हे खरे. पण फोटो आणि सही ठरवून दिलेल्या केबीत बसवायची, दाखल्यांच्या पीडीएफ जोडायच्या, चार पाने भरून झाल्यावर पाचव्या पानावर ‘सेशन संपले’ आले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हे मोबाईलच्या पडद्यावर किती जिकिरीचे असते ते ज्याने केले त्यालाच माहीत. म्हणून मुले इथे येतात. परतीची एसटी चुकली तर मुक्कामाची सोय नसते, म्हणून घाईत येतात.

या पंचवीस संगणकांना मिळून इंटरनेटची एकच जोडणी आहे आणि मध्ये एक प्रॉक्सी सर्व्हर आहे. संगणकाने एखादे पान मागितले की मागणी आधी प्रॉक्सीकडे जाते, तो ती पुढे पाठवतो आणि आलेले पान संगणकाला देतो. कुठल्या संकेतस्थळावर जाऊ द्यायचे नाही, हेही तोच ठरवतो. आमच्या प्रॉक्सीवर स्क्विड ही प्रणाली चालते. तिची पहिली आवृत्ती 1996 ची. ती फुकट मिळते, तिचा कोड कोणालाही वाचता येतो, आणि विकिपीडियासारखे अवाढव्य संकेतस्थळ अनेक वर्षे तिच्याच जोरावर पाने पुरवत होते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झाले त्यात पहिला आळ ‘फुकटातलं सॉफ्टवेअर, असंच चालणार’ म्हणून तिच्यावर आला.

प्रकार असा होता. कक्ष सकाळी दहाला उघडतो. साडेदहा-पावणेअकराला खुर्च्या भरल्या की पाने उघडायची थांबायची आणि पडद्यावर नुसती चकती फिरत राहायची. “काकू, सबमिट दाबलंय, पुढंच जाईना” अशी एका कोपऱ्यातून हाक आली की पाठोपाठ सगळ्या खोलीतून येऊ लागायची. मग कर्मचाऱ्यांपैकी कोणीतरी कपाट उघडून सर्व्हरचे बटण दाबून धरायचे. मशीन बंद, पुन्हा चालू. थोडा वेळ बरे चालायचे, की परत तेच. शेवटी दारावर ‘सर्व्हर डाऊन’ असा कागद लागायचा आणि मुले समजायची की अर्जाचे सरकारी संकेतस्थळच बंद आहे. एका मुलीने तेच संकेतस्थळ मोबाईलच्या डेटावर उघडून माझ्यापुढे धरले. तिथे ते सुरळीत चालू होते. म्हणजे बंद होते ते आमच्या कपाटातले यंत्र, आणि दोष लागत होता मुंबईतल्या कुठल्यातरी सर्व्हरला. ही साधी चाचणी कोणालाही करता येते. मोबाईल डेटावर चालते आणि खिडकीत चालत नाही, तर बिघाड दूरच्या सर्व्हरचा नसून इथलाच आहे.

दुरुस्तीला आधी एक तंत्रज्ञ आले. त्यांनी प्रोसेसरचा वापर पाहिला, तो 25 टक्के दिसला. “मशीन मोकळंच आहे, तुमची इंटरनेटची लाइन खराब आहे,” असे सांगून ते गेले. लाइनवाल्यांनी येऊन लाइन तपासली, ती चांगली निघाली. नंतर दुसरे आले. त्यांनी पाहिले तेव्हा स्क्विडसमोर 100 टक्के आकडा होता. “मशीनचा दम संपलाय, सोळा कोअरचं नवीन घ्या,” असे सांगून त्यांनी कोटेशन दिले.

गंमत नव्हे, दोघांनीही आकडा बरोबर वाचला होता. आमच्या मशीनच्या प्रोसेसरमध्ये चार कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे चार भाग, आहेत. स्क्विडचे मुख्य काम, वेगळे काही सांगितले नसेल तर, एकाच कोअरवर चालते. तो एक कोअर पूर्ण भरलेला आणि उरलेले तीन रिकामे बसलेले, म्हणून एकूण हिशेबात चौथा हिस्सा, म्हणजे 25 टक्के दिसत होते आणि त्या एका कामापुरते पाहिले तर 100. लिनक्स प्रणालीवर ‘टॉप’ ही प्रोसेसरचा वापर दाखवणारी आज्ञा चालवून कळफलकावरचा एकचा आकडा दाबला की प्रत्येक कोअरची वेगळी ओळ दिसते, आणि सगळा घोळ तिथल्या तिथे मिटतो. दोघांपैकी एकानेही तो आकडा दाबला नाही. आता विचार करा, सोळा कोअरचे मशीन आणले असते तर काय झाले असते? एक कोअर भरला असता, पंधरा रिकामे राहिले असते, एकूण वापर सहा-सात टक्के दिसला असता आणि पाने तशीच अडकली असती. वर पैसे गेले असते ते वेगळेच.

पैशाचे मी मुद्दाम लिहिते. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. त्यात पगार, मासिके, वर्तमानपत्रे, नवी पुस्तके, विजेचे बिल हे सगळे बसवताना कार्यवाहांची किती ओढाताण होते, हे मी बैठकीत बसून पाहते. कोटेशनातली रक्कम ही कितीतरी महिन्यांच्या पुस्तकखरेदीइतकी होती. कारण न शोधता घेतलेले मशीन म्हणजे न घेतलेली पुस्तके.

आमच्या एक्सचेंजमध्ये दोन गोष्टी अंगवळणी पडलेल्या असत. बिघाडाची तक्रार आली की हात लावण्याआधी नोंद व्हायची : तक्रार किती वाजता आली, काय आढळले, काय केले, किती वाजता सुरू झाले, कारण काय, आणि खाली सही. कारणाचा रकाना रिकामा राहिलेला वरिष्ठांना चालायचा नाही. ‘सापडले नाही’ असे लिहायची मुभा होती, पण ते लिहावे लागायचे. दुसरी गोष्ट म्हणजे बिझी अवर, दिवसातला सर्वांत गर्दीचा तास. एरलांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने 1909 मध्ये टेलिफोनच्या गर्दीचे गणित मांडले, तेव्हापासून जगभर एक्सचेंजची कुवत त्या तासावर तोलली जाते. दुपारी चारला शांत कक्षात बसून तपासणी केली तर सगळे ठीकच दिसणार. तपासायचे ते अकरा वाजता, मुले भरलेली असताना. ग्रंथालयाच्या कार्यवाहांना मी एवढेच म्हटले, “अहो, कोटेशन जरा बाजूला ठेवा, आणि उद्यापासून मला दाखवल्याशिवाय बटण कोणी दाबायचं नाही.” त्यांनी ऐकले, याचे श्रेय त्यांना.

स्क्विड स्वतःच्या वह्या स्वतः लिहितो, हे फार थोड्यांना माहीत असते. एक अॅक्सेस लॉग, म्हणजे मागण्यांची वही, आणि एक कॅश लॉग, म्हणजे प्रणालीच्या स्वतःच्या कामाची आणि इशाऱ्यांची वही. अॅक्सेस लॉगमध्ये प्रत्येक मागणीची एक ओळ असते. पहिला आकडा वेळेचा, पण घड्याळातला नव्हे, 1 जानेवारी 1970 पासून किती सेकंद झाले तो. दुसरा आकडा त्या मागणीला किती मिलिसेकंद लागले त्याचा. मग कोणत्या संगणकाने मागितले, काय निकाल लागला, किती बाइट गेले आणि कुठला पत्ता होता. यात एक फसवी जागा आहे. कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस जोडणीपुढे दुसऱ्या रकान्यात जो मोठा आकडा दिसतो तो एक पान यायला लागलेला वेळ नसून ती जोडणी एकूण किती वेळ उघडी होती तो असतो. नवखा माणूस तो पाहून घाबरतो आणि चुकीच्या मागे लागतो.

गर्दीच्या वेळी ती वही खाली सरकताना नुसती बघत बसले. ओळींच्या गर्दीत एक ओळ पुन्हा पुन्हा येत होती : ‘डिनाइड, 403’, म्हणजे परवानगी नाकारली. संगणक एकच, पत्ताही एकच, आणि एका सेकंदात कितीतरी वेळा. तो संगणक होता खिडकीजवळचा, कळफलकाची दोन बटणे निघाल्यामुळे कोणी न बसणारा. त्यावर टायपिंग शिकायचा कुठलातरी फुकट प्रोग्रॅम टाकलेला होता. तो स्वतःला अद्ययावत करायला बाहेर जाऊ पाहायचा, प्रॉक्सी ‘नाही’ म्हणायचा, तो लगेच पुन्हा विचारायचा. मशीन सुरू असेपर्यंत हेच चाललेले. प्रोग्रॅम काढून टाकला. थोडा आराम पडला, पण तेवढ्याने कोअर रिकामा झाला नाही. म्हणजे मूळ दुसरीकडे होते.

मूळ सापडले ते बंदी घातलेल्या संकेतस्थळांच्या यादीत. पालकांची तक्रार आली की एक नाव वाढायचे, हे ठीक होते. मध्यंतरी कोणीतरी भल्या हेतूने इंटरनेटवरून हजारो नावांची तयार यादी उतरवून तिच्या शेपटीला जोडली. आणि ही सगळी यादी स्क्विडच्या सेटिंगमध्ये चुकीच्या प्रकारात बसवलेली होती. स्क्विडला यादी दोन तऱ्हांनी देता येते. एकीत संकेतस्थळाची नुसती नावे असतात, तिला ‘डीएसटी-डोमेन’ म्हणतात. दुसरीत अक्षरांचे नमुने असतात, पत्त्यात कुठेही तशी अक्षरे आली की पकडायची, ती ‘यूआरएल-रेजेक्स’. मतदान केंद्रावर क्रमाने लावलेली यादी असेल तर कारकून पान उलटून क्षणात नाव काढतो. ‘ज्याच्या नावात कुठेही ही तीन अक्षरे येतात तो’ अशा हजारो चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्यापुढे टाकला आणि प्रत्येक मतदारामागे सगळ्या चिठ्ठ्या ताडून बघायला लावल्या, तर रांग रस्त्यावर येईल. आमच्या प्रॉक्सीचे हेच झाले होते. त्यातही अन्याय असा की ज्या संकेतस्थळावर बंदी नाही त्याच्यासाठीच सर्वांत जास्त कष्ट पडत होते, कारण सगळा गठ्ठा संपेपर्यंत ‘यात नाही’ असे म्हणता येत नाही. शिष्यवृत्तीचे पान हे असे निरपराध पान.

बरे, एवढ्या कष्टातून पकडले काय जात होते? सट्टेबाजीची संकेतस्थळे अडवायला कोणीतरी ‘बी-ई-टी’ ही तीन इंग्रजी अक्षरे यादीत घातली होती. डायबेटीस या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तीच अक्षरे ओळीने येतात. मधुमेहावरच्या ज्या संकेतस्थळांच्या नावातच तो शब्द आहे ती सगळी बंद, आणि मिरजेच्या नर्सिंगच्या मुली आमच्याकडे नेमका तोच अभ्यास करायला येतात. त्यांनी कधी तक्रार केली नाही. ‘इथं ते उघडत नाही’ एवढेच धरून चालल्या. मला याचे फार वाईट वाटले. आणि दुसरीकडे, आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसची असल्यामुळे प्रॉक्सीला पत्त्यातले फक्त संकेतस्थळाचे नाव दिसते, आतले पान दिसतच नाही. म्हणजे लांबलचक पत्त्यांसाठी लिहिलेले अर्धेअधिक नमुने कधी जुळूच शकत नव्हते. ते तपासण्यात प्रोसेसर झिजत होता, हाती काही लागत नव्हते.

आता नुसते हळू चालणे आणि पूर्ण गोठणे यात फरक आहे, आणि आमचा प्रॉक्सी गोठायचा. त्याचा दुवा कॅश लॉगमध्ये मिळाला. तिथे रोज अकराच्या सुमारास इशारा लिहिलेला होता : फाइल डिस्क्रिप्टर संपत आले आहेत. प्रत्येक उघड्या जोडणीला असा एक क्रमांक लागतो. मर्यादा होती 1024. मुलाच्या संगणकाशी एक आणि बाहेरच्या संकेतस्थळाशी एक, असे प्रत्येक जोडणीमागे दोन क्रमांक जातात. एका ब्राउझरने चार टॅबमध्ये मिळून वीस जोडण्या उघडल्या, आणि तेवढ्या सहज उघडतात, तर पंचवीस संगणकांच्या पाचशे, आणि क्रमांक लागले हजार. एरवी जोडणी आली आणि गेली की क्रमांक मोकळा होतो. पण यादी तपासण्यात वेळ जाऊ लागल्यावर जोडण्या संपेनात, क्रमांक सुटेनात, आणि मर्यादा गाठली की स्क्विड नवीन कोणाला आत घेत नाही. पडद्यावर चकती फिरते. पहिल्या दुखण्याने दुसरे आणले, आणि लोकांना दिसत होते ते दुसरेच.

तिसरे दुखणे आपल्याच हाताने चाललेले होते, ते म्हणजे बटण. स्क्विड पाने डिस्कवर साठवतो आणि त्या साठ्याची सूची ठेवतो. नीट बंद केला तर सूची पुरी लिहून मग थांबतो. नीट बंद व्हायला तो उघड्या जोडण्यांसाठी तीस सेकंद वाट पाहतो, आणि तेवढा धीर कोणाला नसतो. बटण दाबून मारला की सूची अर्धी राहते. पुढच्या सुरुवातीला कॅश लॉगमध्ये ‘डर्टी’ म्हणून शेरा पडतो आणि प्रणाली साठा पुन्हा जुळवत बसते. त्याच क्षणी ताटकळलेले पंचवीस ब्राउझर एकदम मागण्या करतात. म्हणजे प्रत्येक वेळी बटण दाबून आपण त्याला सर्वांत वाईट अवस्थेत सर्वांत मोठ्या गर्दीपुढे उभे करत होतो.

उपाय करताना एका वेळी एकच बदल करायचा, ही खात्यातली शिस्त. सेटिंगची प्रत काढून ठेवली. कार्यवाहांना शेजारी बसवून अकरा वाजता ती यादी थोडा वेळ बाजूला काढली. भरलेला कोअर तत्काळ खाली आला. यादी परत घातली, परत भरला. याहून वेगळा पुरावा लागत नाही. मग नावे वेगळी करून, दुबार नावे काढून, ‘डीएसटी-डोमेन’ प्रकारात बसवली. अक्षरांचे नमुने अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ठेवले. तीन अक्षरांचे तर सगळेच काढले. सेटिंग लागू करण्याआधी स्क्विडला ती तपासायला सांगता येते, ते केले आणि मशीन बंद न करता लागू केली. मर्यादा 1024 वरून वाढवली. एचटीटीपीएसमुळे डिस्कवरच्या साठ्याचा उपयोग नाममात्र उरला होता, म्हणून तोही काढला. आता गर्दीच्या तासाला तो कोअर दहा-बारा टक्क्यांच्या वर जात नाही. मशीन तेच जुने आहे. खर्च झाला तो चहाचा.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे होऊ दिली नाही, आणि तिच्याबद्दल इतर संस्थांनीही सावध राहावे असे मला वाटते. दुसऱ्या तंत्रज्ञांचा सल्ला होता की मुले काय बघतात ते कळत नसेल तर प्रॉक्सीवरच एचटीटीपीएसचे कुलूप उघडायची सोय करू. प्रत्येक संगणकात ग्रंथालयाचे एक प्रमाणपत्र बसवले की हे करता येते. त्यात प्रोसेसरवर बोजा वाढतो, हे सोडूनच द्या. खरा प्रश्न असा की त्या क्षणापासून मुलांचे पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचे व्यवहार, आजाराबद्दल शोधलेली माहिती, सगळे त्या कपाटातल्या मशीनमध्ये उघडे पडते, आणि त्या मशीनची किल्ली टेबलाच्या खणात असते. जतची मुलगी आपल्या विश्वासावर इथे बसून वडिलांच्या खात्याचा क्रमांक टाकते. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा बाजूला ठेवला तरी हे करू नये. ज्या शाळा-महाविद्यालयांनी अशी सोय सुरू केली असेल त्यांनी निदान दारावर तसे लिहून लावावे.

हे सगळे एका लहान ग्रंथालयाचे झाले. पण मला शंका आहे की जिल्ह्यातल्या अनेक ‘सर्व्हर डाऊन’च्या मुळाशी असेच काहीतरी घरचे, शोधता येण्याजोगे आणि बिनखर्चाने सुटणारे कारण असावे. ते शोधले जात नाही, कारण शोधायला कोणी सांगत नाही. बटण दाबले की पुरावा पुसला जातो आणि तात्पुरते चालू झाले की सगळे हात झटकतात. माझी जिल्हा प्रशासनाला, नगरपालिकांना, बँका-पतसंस्थांना आणि महाविद्यालयांना विनंती आहे की जिथे नागरिक रांगेत उभा राहतो तिथे बिघाडाची नोंदवही ठेवणे सक्तीचे करावे. साधी रेघांची वही चालेल. वेळ, काय दिसले, मोबाईल डेटावर चालत होते का, लॉगची प्रत घेतली का, काय केले, कारण, सही. मशीन पुन्हा सुरू करायला माझी ना नाही, समोर रांग असते तेव्हा ते करावेच लागते. पण त्याआधी लॉगची प्रत काढायला एक मिनिट लागते, ते मिनिट द्यावे. नवीन सर्व्हरच्या खरेदीच्या फाइलीला या वहीचा उतारा जोडल्याशिवाय मंजुरी देऊ नये.

यातून नागरिकाला हक्काचेही काही मिळेल. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदती घालून दिल्या आहेत. सर्व्हर बंद असलेला वेळ त्या मुदतीत कसा धरायचा, हे नोंद असेल तरच ठरवता येईल. अर्जाच्या शेवटच्या दिवशी कक्ष दोन तास बंद होता, हे मुलाने कशाच्या आधारे सांगायचे? दारावरचा कागद संध्याकाळी फाडून टाकतात. सही-शिक्क्याचा उतारा हातात असेल तर तो पुढे दाद मागू शकतो, आणि माहिती अधिकारात मागितल्यावर ‘अशी नोंद ठेवली जात नाही’ हे उत्तरही मिळणार नाही.

आमच्या ग्रंथालयात अशी वही सुरू झाली आहे आणि ती काउंटरवर असते, कोणीही चाळावी. जिल्ह्यातल्या ज्या ग्रंथालयांत किंवा शाळांत प्रॉक्सी असाच अडकतो आहे, त्यांनी बिघाडाच्या वेळचे अॅक्सेस लॉग, कॅश लॉग आणि सेटिंगची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावी. आपल्या कार्यालयामार्फत निरोप दिल्यास मी येऊन पाहीन, मोबदला नको. जत आणि आटपाडीकडे आधी जाईन, कारण तिथल्या मुलांना दुसरे ठिकाण जवळ नाही.

ग्रंथालय ओळखू येऊ नये म्हणून माझे नाव छापू नये.

आपली,
टेलिफोन खात्यातील एक निवृत्त टीटीए,
विश्रामबाग, सांगली